वशिला नसलेल्यांचा वशिला : सेवायोजन आणि मालक-कामगार सहकार्य

(हीरक महोत्सवी समारंभातील भाषण)



शाळेच्या हीरक महोत्सवात नोकरीचा विषय काहीसा रूक्ष वाटण्याचा संभव आहे. परंतु महाराष्ट्राबाहेर वसलेल्या मराठी कुटुंबांचा इतिहास पाहिला, तर त्यातील पुष्कळ पाने नोकरीनेच लिहिलेली आढळतात. रेल्वे, टपाल खाते, कारखाने, गिरण्या, बँका यांच्या मागोमाग माणसे परप्रांतात आली. मग गणेशोत्सव आला, वाचनालय आले, शाळाही आली. अशा नव्या मुलखात माणसाजवळ पदवी असते, हातात कौशल्य असते. नसते ती ओळख, नसतो तो वशिला. म्हणूनच सार्वजनिक सेवायोजन कार्यालयाचा विचार या सभागृहात अस्थानी ठरू नये. ज्याला कोणाचाही वशिला नाही, त्याचा वशिला होणे हेच या कार्यालयाचे मूळ प्रयोजन आहे.

हे प्रयोजन कशातून निर्माण झाले, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या कापड गिरण्यांतील कामगारभरती जॉबरच्या हाती होती. कोणाला कामावर घ्यायचे, गैरहजर कामगाराच्या जागी कोणता बदली लावायचा, हे जॉबर ठरवी. स्त्री-कामगारांवर हीच सत्ता नायकिणीची असे. कलकत्त्याच्या ताग गिरण्यांत तो सरदार म्हणून ओळखला जाई, दक्षिणेकडील मळ्यांत कंगाणी म्हणून. काम मिळविण्यासाठी आणि मिळालेले काम टिकविण्यासाठी कामगाराला दस्तुरी मोजावी लागे. मालकालाही ही व्यवस्था वरवर सोयीची वाटे, कारण माणसे शोधण्याचा त्रास वाचे. प्रत्यक्षात त्याला चांगला कामगार मिळण्याऐवजी जॉबरच्या मर्जीतला माणूस मिळे. नुकसान दोघांचे होते. लाभ मधल्याचा होता. १९२९ मध्ये नेमलेल्या रॉयल कमिशनने १९३१ च्या अहवालात कामगार नेमण्याचा व काढण्याचा जॉबरचा अधिकार संपुष्टात आणावा, अशी शिफारस केली. कामगार चळवळीचे अध्वर्यू नारायण मल्हार जोशी हे त्या कमिशनचे सदस्य होते.

याच जोशींनी १९१९ मध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेत भारतीय कामगारांचे प्रतिनिधित्व केले होते. त्या परिषदेने बेकारीविषयी जो करार संमत केला, त्यात दोन सूत्रे होती. एक, शासनाच्या नियंत्रणाखाली विनाशुल्क सेवायोजन कार्यालये असावीत. दुसरे, त्यांच्या कारभारात सल्ला देण्यासाठी मालक व कामगार यांचे प्रतिनिधी असलेल्या समित्या असाव्यात. भारताने हा करार १९२१ मध्ये स्वीकारला आणि १९३८ मध्ये त्यातून अंग काढून घेतले. पुढे १९४८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील परिषदेत ८८ क्रमांकाचा सेवायोजनविषयक करार संमत झाला. सल्लागार समित्यांवर मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी समसमान असावेत, असे त्याने स्पष्ट केले. भारताने त्याला १९५९ मध्ये मान्यता दिली.

दरम्यान देशात प्रत्यक्ष कार्यालये उभी राहिली होती. १९४२ मध्ये शासन, मालक आणि कामगार यांची त्रिपक्षीय परिषद दिल्लीत प्रथमच भरली, तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. त्यांच्याच कारकिर्दीत, १९४५ मध्ये, युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांच्या पुनर्वसनासाठी सेवायोजन कार्यालयांची संघटना उभारली गेली. फाळणीनंतर निर्वासितांचा भार तिच्यावर पडला आणि १९४८ मध्ये तिची दारे सर्व बेरोजगारांना खुली झाली. बी. शिवा राव यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीनुसार १ नोव्हेंबर १९५६ पासून तिचा दैनंदिन कारभार राज्यांकडे गेला.

१९५९ मध्ये संसदेने रिक्त जागा कळविणे सक्तीचे करणारा कायदा केला. तो १ मे १९६० पासून अमलात आला. सार्वजनिक क्षेत्रातील आस्थापना आणि पंचवीस वा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापना यांनी आपल्याकडील रिक्त जागा सेवायोजन कार्यालयास कळवाव्यात, असे बंधन त्यात होते. परंतु त्याच कायद्यात आणखी एक कलम होते : कार्यालयाने पाठविलेल्या उमेदवारालाच नेमले पाहिजे, असे बंधन मालकावर नव्हते. हे कलम अन्यायाचे नव्हते. निवडीचे स्वातंत्र्य मालकाला असलेच पाहिजे. मात्र त्यामुळे एक गोष्ट उघड झाली. कायदा मालकाकडून विवरणपत्र मागू शकतो. विश्वास मागू शकत नाही.

या व्यवस्थेची दुसरी बाजू मागच्या पिढीतील पालकांना चांगलीच परिचित असेल. मॅट्रिकचा निकाल लागला की प्रमाणपत्रांच्या नकला घेऊन मुले रोजगार कार्यालयाच्या रांगेत उभी राहत. नावनोंदणीचे कार्ड घरात देवघराजवळच्या कपाटात जपून ठेवले जाई. नूतनीकरणाची तारीख चुकू नये म्हणून वडील ती पंचांगावर टिपून ठेवीत, कारण तारीख चुकली तर ज्येष्ठता जाई. सरकारी नोकरीसाठी ‘कॉल’ येईल, या आशेवर वर्षे सरत. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की भरतीसाठी केवळ सेवायोजन कार्यालयाकडून नावे मागविणे पुरेसे नाही. वृत्तपत्रे व अन्य माध्यमांतूनही जागा जाहीर कराव्यात आणि येणाऱ्या सर्व पात्र उमेदवारांचा विचार व्हावा. समान संधीच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच होता. पण सरकारी जागांवरच विसंबून राहिलेल्या कार्यालयाचा पाया किती अरुंद होता, हेही त्याने दाखवून दिले. वह्या नावांनी भरल्या होत्या, मात्र काम देणारा खिडकीच्या पलीकडे नव्हता.

मग मालक आणि कामगार दोघेही खिडकीशी आले, असे या देशात कोठेच घडले नाही काय? घडले, आणि तेही सर्वांत असंघटित समजल्या जाणाऱ्या श्रमिकांच्या बाबतीत. बंदरांवर जहाज लागेल त्या दिवशी काम, न लागेल त्या दिवशी उपास, अशी गोदी कामगारांची स्थिती होती. १९४८ च्या कायद्यान्वये मुंबई, कलकत्ता, मद्रास येथे गोदी कामगार मंडळे स्थापन झाली. त्यांवर शासन, मालक व कामगार यांचे प्रतिनिधी एकत्र बसत. कामगारांची नोंद झाली, काम पाळीपाळीने मिळू लागले आणि काम नसलेल्या दिवशीही हजेरीचा भत्ता ठरला. मालकाला जहाज येताच प्रशिक्षित माणसे मिळण्याची शाश्वती आली.

महाराष्ट्रातील १९६९ चा माथाडी कायदा हे याच विचाराचे पुढचे पाऊल. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील माथाडी चळवळीचा त्यामागे मोठा वाटा होता. बाजारपेठेत डोक्यावर ओझे वाहणाऱ्या हमालाला एक मालक नसतो. सकाळी एका गाळ्यावर, दुपारी दुसऱ्या. त्याची हजेरी कोणी ठेवायची आणि भविष्य निर्वाह निधी कोणी भरायचा? या कायद्याने उत्तर दिले, की ते काम मंडळाचे. मंडळावर मालकांचे व कामगारांचे प्रतिनिधी समसंख्य आणि त्यांच्यासोबत शासनाचे. नोंदीत मालक मजुरी आणि तीवरील लेव्ही मंडळाकडे भरतो. मंडळ कामगाराला मजुरी देते आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, उपदान, रजा यांची तरतूद करते.

ही मंडळे निर्दोष होती, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. कंटेनर आल्यावर गोदीतील कामाचे स्वरूपच पालटले आणि पुढे तेथील मंडळे बंदरांच्या कारभारात विलीन होऊ लागली. माथाडीच्या नावाखाली पैसे उकळले जात असल्याच्या तक्रारी उद्योजक करतात आणि खऱ्या माथाडी कामगाराला त्याचा मनस्ताप होतो. तरीही मूळ धडा पुसला जात नाही. जेथे दोन्ही पक्ष एका मेजाशी बसले, तेथे मुकादमाच्या मर्जीची जागा नियमाने घेतली. मात्र यातील कोणताही पक्ष मेजावरून उठून गेला किंवा दुसऱ्यावर शिरजोर झाला, की ती जुनी मर्जी नव्या वेषात परत येते.

सहकार्य म्हणजे तरी नेमके काय? मालकाने जागेचे, कामाचे व वेतनाचे खरे वर्णन द्यावे. पाठविलेल्यांपैकी कोणाला घेतले आणि इतरांना का घेतले नाही, हे कळवावे. त्याशिवाय कार्यालय सुधारू शकत नाही. कामगार प्रतिनिधींनी पाहावे, की प्रचलित दरापेक्षा कमी वेतनावर कोणाला पाठविले जात नाही, उमेदवारात जातिधर्माचा वा स्त्री-पुरुषाचा भेद होत नाही आणि संप चालू असता कार्यालय तटस्थ राहते. सेवायोजन कार्यालयाने दोघांचेही ऐकावे व कोणाचेही होऊ नये. यातील एकही कर्तव्य फार खर्चाचे नाही. नेमके तेच कठीण असते, कारण त्यासाठी निधी नव्हे, सवय लागते.

२० जुलै २०१५ रोजी राष्ट्रीय करिअर सेवेचे संकेतस्थळ सुरू झाले. रांगेची जागा पडद्याने घेतली. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. परंतु पडद्यावरील यादीही शेवटी यादीच. काम देणाऱ्याने ती उघडली नाही, तर ती जुन्या वहीइतकीच मुकी राहते. मग तरुण पुन्हा मध्यस्थाकडे वळतो, आणि नोकरी लावून देण्यासाठी आगाऊ रक्कम मागणारा एजंट म्हणजे जॉबरचाच वारसदार. सार्वजनिक सेवेत उमेदवाराकडून शुल्क घेतले जात नाही, एवढे एकच वाक्य पालकांनी मुलांच्या मनावर ठसविले, तरी कित्येक घरांतील दागिने गहाण पडण्यावाचून राहतील.

८८ क्रमांकाच्या करारात तरुणांसाठी विशेष व्यवस्था करण्याचे आणि तिची व्यवसाय मार्गदर्शनाशी सांगड घालण्याचे वेगळे कलम आहे. शाळेचे कर्तव्य तेथे सुरू होते. दहावीच्या वर्गातील मुलाला गुणपत्रिकेबरोबर हेही कळले पाहिजे, की आपल्या गावात कोणती कामे आहेत, त्यांना कोणती कौशल्ये लागतात आणि सेवायोजन कार्यालय कोठे आहे. हे सांगण्यास सर्वांत योग्य माणसे या सभागृहातच बसलेली आहेत. साठ वर्षांत या शाळेतून बाहेर पडलेल्यांपैकी कोणी आज कारखाना चालवितो, कोणी कामगार संघटनेत आहे, कोणी शासनाच्या सेवेत आहे. कराराने जे तीन पक्ष एका मेजाशी बोलाविले, ते तिन्ही येथे एकाच बाकावर शिकले आहेत.

उद्योजक माजी विद्यार्थ्यांनी आपल्याकडील पहिली रिक्त जागा ओळखीत सांगण्याआधी सार्वजनिक सेवेकडे कळवावी. संघटनेत काम करणाऱ्यांनी स्थानिक कार्यालयाच्या समितीत आपली जागा मागावी आणि ती रिकामी ठेवू नये. आपल्या शाळेच्या मुलाला ओळखीने नोकरी लावून देणे हा स्नेह आहे. त्याचा अव्हेर करण्याचे कारण नाही. परंतु ज्या मुलाला कोणी ओळखत नाही, त्यालाही दार उघडे राहील अशी व्यवस्था जपणे ही नागरिकता आहे, आणि शाळा जे शिकविते त्याची खरी परीक्षा तेथेच होते.