पाटी आणि धनी

गेल्या दिवाळींत आमच्या वहिनींना मोबाईलवर एका नामांकित दुकानाच्या नांवें निम्म्या किमतींत पैठणी दिसली. चिन्ह तेंच, छायाचित्रें तींच. त्यांनी पैसे भरले; पावती आली नाहीं. सायंकाळीं दुकानांत विचारलें, तर उत्तर आलें, “बाई, तें संकेतस्थळ आमचें नव्हेच!”

पाटी काय, कोणीहि रंगवितो. पत्ता मात्र उलट वाचावा. संकेतस्थळाच्या नांवाअखेर ‘डॉट कॉम’ असेल, तर त्याच्या लगत आधींचा शब्द तोच खरा धनी. त्याहून डावीकडे टिंब देऊन कोणतेंहि थोर नांव लिहितां येतें. वहिनींच्या पत्त्यांत तसेंच होतें. आणि तें कुलुपाचें चिन्ह! त्यानें संभाषण मोहोरबंद होतें, दुकानदार सज्जन ठरत नाहीं.

पुढें ‘पैसे परत करतों, गुप्त अंक टाका’ असा फोन आला. यूपीआयवर पैसे घेण्यास गुप्त अंक लागत नाहीं, देण्यासच लागतो, हें वहिनी जाणत होत्या. त्यांनी तत्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदविली. रक्कम ठगाच्या खात्यांतून पुढें सरकण्यापूर्वीं थोडी गोठविली गेली, बाकीची गेली. आमच्या बंधूंना मात्र त्यांनी हें आठ दिवसांनीं सांगितलें.