पोरीनें नर्स व्हावें कीं डॉक्टर ?

(एका गांवीं बारावीच्या मुली व त्यांचे आईबाप यांच्यापुढें एका वृद्ध नर्सबाईंनीं केलेलें भाषण)



मी तीस वर्षें सरकारी दवाखान्यांत नर्सचें काम केलें. निकाल लागला कीं आईबाप मला विचारतात, "बाई, पोरीला नर्स करावी कीं डॉक्टर ?" या प्रश्नाच्या पोटांत दोन खोट्या समजुती असतात. त्या आधीं उपटून टाकूं.

पहिली समजूत अशी कीं, डॉक्टरकी ही मोठ्यांच्या घरची. कुणबी, माळी, सुतार, कुंभार यांच्या मुलींनीं नर्स होऊन समाधान मानावें. हें साफ खोटें आहे. डॉ. रखमाबाई सुतार जातींत जन्मल्या. इंग्लंडांत शिकून त्या सन १८९४ त डॉक्टर झाल्या आणि पुढें सुरत व राजकोट येथें वर्षानुवर्षें त्यांनीं बायकांची सेवा केली. त्यांना जें साधलें, तें तुमच्या पोरीला कां साधूं नये ?

दुसरी समजूत अशी कीं, नर्सला घाण काढावी लागते म्हणून तें काम हलकें. शेण उचलणारे, चामडें कमावणारे, मातींत राबणारे आपण हें कोणत्या तोंडानें म्हणतों ? हाताला काय लागतें यावरून माणसाची पायरी ठरविण्याच्या रीतीनेंच आपले वाडवडील चिरडले गेले. सन १८९७ च्या प्लेगांत सावित्रीबाई फुले यांनीं रोग्यांची शुश्रूषा केली. त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंत औषधोपचार करीत. आजारी मूल आईनें पाठीवर आणलें नसतें, तर डॉक्टरानें औषध कोणाला दिलें असतें ? त्याच सालीं १० मार्च रोजीं प्लेगानें सावित्रीबाईंचा बळी घेतला. या मायलेकांत हलकें कोण, तें तुम्हीच सांगा !

आतां दोन्ही कामांतला खरा फरक ऐका. एके रात्रीं नुकत्याच मोकळ्या झालेल्या बाळंतिणीचें तोंड मला पांढरें दिसलें. नाडी पाहिली तर जलद. पोट चाचपलें तर गर्भाशय सैल पडलेलें, आणि रक्त थांबत नव्हतें. डॉक्टरबाईंना हांक पाठवून मी पोट चोळीत राहिलें. त्यांनीं येऊन कारण ओळखलें, औषध ठरविलें आणि जोखीम आपल्या शिरावर घेतली. बाई वांचली. रोग्याजवळ तासन् तास राहून बदल टिपणें, हें नर्सचें कसब. रोग ओळखून निर्णय घेणें, हें डॉक्टरचें. पोरीचा जीव कशांत रमतो, तें पाहा.

मग हिशेब करा. एम. बी. बी. एस. ला नीट परीक्षा, साडेचार वर्षें अभ्यास व एक वर्ष इंटर्नशिप. एखाद्या शाखेंत विशेषज्ञ व्हावयाचें तर आणखी तीन वर्षें. नर्सिंगला ए. एन. एम. दोन वर्षें, जी. एन. एम. तीन आणि बी. एस्सी. चार, बी. एस्सी. ला बारावीस जीवशास्त्रासह शास्त्रविषय लागतात. जी. एन. एम. नंतर दोन वर्षांत बी. एस्सी. होतां येतें, पुढें एम. एस्सी. करून शिकवितांहि येतें. परंतु नर्सिंग ही डॉक्टरकीची पायरी नव्हे. मागाहून डॉक्टर व्हावेंसें वाटलें, तर नीटपासूनच आरंभ करावा लागतो. म्हणून मनांत डॉक्टरकी असेल, तर आधीं तीच झटून करा; किती वर्षें प्रयत्न करावयाचा, तें मात्र घरांत बसून अगोदर ठरवा.

खाजगी कॉलेजांत डॉक्टरकीची फी वर्षाला लाखांनीं मोजावी लागते. प्रथम सरकारी जागा व सवलती पाहा. जागा मिळवून देतों म्हणणाऱ्या दलालाच्या नादीं लागून जमीन गहाण टाकूं नका. "सहा महिन्यांत नर्स" अशी पाटी दिसली, तर दारांतूनच परत फिरा. त्या कागदावर नर्सची नोंदणी होत नाहीं. संस्थेला नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे कीं नाहीं, हें पैसे भरण्यापूर्वीं तपासा.

मुलींनो, गरिबीच्या भयानें डॉक्टरकी सोडूं नका आणि लोकलाजेनें नर्सिंग टाकूं नका. आणि आईबापांनो, आज रात्रीं भाकरी वाढतांना पोरीला एवढेंच विचारा, "तुला कोणतें काम करावेंसें वाटतें ?" तिचें उत्तर पुरतें होईपर्यंत मध्यें बोलूं नका. एवढें कराल तर माझें येणें सार्थकीं लागलें.