आमच्या वन्संची पंचवीस वर्षे
(वर्धापनदिनी सत्कारप्रसंगी केलेले भाषण)



सत्काराचे दोन शब्द बोलायचे काम मंडळाने माझ्यावर टाकले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि सत्कार माझ्याच नणंदेचा. घरच्या माणसाची स्तुती घरच्यांनीच करणे बरे दिसत नाही, म्हणून घडले तेवढेच सांगते.

मुंबईच्या एका डिझाइनच्या ऑफिसात वन्संना यंदा पंचवीस वर्षे झाली. तिथे काय करतात हे मलाही पुष्कळ दिवस उमगले नव्हते. आपण मसाल्याचे पाकीट आणतो, त्यावरचे नाव कोणीतरी काढलेले असते. औषधाचे खोके, पुस्तकाचे वेष्टन, लग्नपत्रिका, कशावरचीच अक्षरे आपोआप उगवत नाहीत.

2000 साली त्या नोकरीला निघाल्या तेव्हा मी या घरात नवी होते. सासूबाईंच्या मागे उभी राहून मी पुटपुटले, "अक्षरांवर का कुठे पोट भरते?" आज सर्वांसमक्ष कबूल करते. वन्संनी ते ऐकले आणि मला कमल शेडग्यांचे नाव सांगितले. 'मत्स्यगंधा', 'रायगडाला जेव्हा जाग येते' या नाटकांची जाहिरातींतली नावे काढणारे ते शेडगे. टाइम्सच्या कलाविभागात त्यांनी वर्षानुवर्षे नोकरी केली. नाटक हसवणारे की रडवणारे, हे त्यांच्या अक्षरांवरूनच ओळखू येई, असे वन्सं म्हणतात. 2020 साली ते गेले, त्या दिवशी वन्सं फोनवर दोन शब्दांपलीकडे बोलल्या नाहीत.

ऑफिसात संगणक होताच, तरी मराठी मथळे काही वर्षे हातानेच काढून घेत. पुढे तेही थांबले. त्या वर्षी वन्सं गणपतीला आल्या त्या परत जायचे नाही असे ठरवूनच. ब्रशांची पेटीसुद्धा बरोबर आणली होती. मी कसला सल्ला देणार! म्हटले, "राहा की, भातकापणीला माणूस हवेच आहे." त्या हसल्या, पण रात्री ओटीवर बराच वेळ बसून होत्या. मग त्यांनीच र. कृ. जोशींची गोष्ट काढली. संगणकावर मराठी लिहिणाऱ्यांना 'मंगल' हे अक्षर ठाऊक असते. ते जोशींनी घडवले. जन्मभर हाताने अक्षरे काढलेला तो कलावंत, जाहिरातसंस्थेत होता, पुढे पवईच्या आय. आय. टी.त शिकवीत असे. "वहिनी, यंत्रात अक्षर घालायलाही आधी हातच लागला ना?" एवढे बोलून त्या झोपायला गेल्या, आणि विसर्जनानंतर पहिल्या एस. टी.ने मुंबईला.

आपल्याहून दहा वर्षांनी लहान मुलांच्या शेजारी बसून त्या संगणक शिकल्या. चुका पाहायला ती मुले वन्संकडेच येऊ लागली. यंत्राचे एक चमत्कारिक आहे. आपल्या 'बल्लाळेश्वरा'तला जोडलेला 'ल्ल' कधी फुटतो; एक 'ल' पाय मोडून पडतो, दुसरा लांब उभा. पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन बिलगते. ज्याने पाटीवर अक्षर गिरवलेले नाही त्याला ते दिसतही नाही.

ऑफिसातल्या समारंभाला आम्ही उभयता गेलो होतो. मी पोह्याचे पापड नेले होते, त्यांचे पुढे काय झाले ते कळले नाही. मोठ्या साहेबांचे भाषण इंग्रजीत, तेव्हा ते छानच असणार. शाल दिली, घड्याळ दिले. आणि मागच्या भल्यामोठ्या फलकावर छापले होते: 'पंचविस वर्षांची सेवा'. अक्षरांच्या ऑफिसात! वन्संनी आधी शाल यांच्याकडे दिली, पर्समधून जाड पेन काढले, खुर्ची ओढून तीवर चढल्या आणि 'वि'ची वेलांटी खोडून दीर्घ केली. मग खाली उतरून नमस्कार केला. सगळ्यात जोरात टाळ्या त्या पोरांनी वाजवल्या. घरच्यांनी बाहेर आल्यावर मला हळूच विचारले, "तेव्हा तू काय म्हणाली होतीस गं?" मी उत्तर दिले नाही.

आता मंडळापुरते. आपल्या दारावरची पाटी वन्संनी सोळाव्या वर्षी रंगवलेली आहे. तिचा रंग उडाला, म्हणून गेल्या सभेत नवी छापून आणायचे ठरले. मी हात वर केला होता, पण कोणी पाहिले नाही. वन्सं रविवारपर्यंत पालीत आहेत आणि ब्रशांची पेटी अजून आमच्या माळ्यावर आहे. रंग मी आणते. शिडी कोणाकडे आहे तेवढे सांगा.