फोन आपण लावून द्यायचा



ऑकलंडच्या आपल्या मराठी मंडळाने मला नैराश्यावर बोलायला सांगितलं, तेव्हा 'लक्षणं सांगा आणि कुठे मदत मिळते ते सांगा' अशी अपेक्षा होती. दोन्ही सांगेन. पण मी बोलणार आहे ती नैराश्य असलेल्या माणसाशी नव्हे, त्याच्या नवऱ्याशी, वहिनीशी, फ्लॅटमेटशी, पलीकडच्या घरातल्या काकूंशी. समुपदेशनाच्या कामात मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत आली आहे. ताप आला की माणूस स्वतः डॉक्टरकडे जातो. नैराश्यात मात्र उठून फोन शोधणं, नंबर लावणं, अनोळखी माणसाला 'मला बरं वाटत नाही' असं सांगणं, हे सगळं ज्या बळावर होतं तेच बळ आजाराने नेलेलं असतं. मदतीची सर्वांत जास्त गरज असलेला माणूसच ती मागू शकत नाही. त्यामुळे 'तिने सांगितलं असतं तर आम्ही धावून आलो असतो' हे वाक्य कितीही मनापासून म्हटलेलं असलं, तरी ते तिच्या कामाचं नाही. पहिलं पाऊल आपण टाकायचं.

मग ओळखायचं कसं? पडद्यावरचं नैराश्य म्हणजे खिडकीपाशी बसून रडणारी बाई. आपल्या घरांमधलं नैराश्य बहुतेक वेळा कामावर जातं, डबे भरतं, मुलांना स्विमिंगला सोडतं. ते पाठदुखी म्हणून येतं, ऍसिडिटी म्हणून येतं, सकाळी चारला उघडणाऱ्या डोळ्यांतून येतं. पुरुषांमध्ये अनेकदा चिडचिड होऊन येतं, नाहीतर रोजच्या पेगचे दोन-तीन पेग होऊन येतं. जीपी, म्हणजे नेहमीचे डॉक्टर, रक्त तपासतात, काही निघत नाही, आणि घरचे सुटकेचा श्वास टाकतात. खरं तर तिथे थांबून पुढचा प्रश्न विचारायला हवा असतो.

मला सर्वांत भरवशाची खूण वाटते ती बदलाची. एका घरातलं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मुलगी इथे, आई सांगलीला. दर रविवारी व्हिडिओ कॉल. आधी कॉल लहान झाले. मग कॅमेरा बंद होऊ लागला. आई म्हणायची, "अगं, चेहरा तरी दाखव." उत्तर यायचं, "नेट नीट नाहीये गं आई." नेट उत्तम होतं. केस विंचरायचं आणि हसरा चेहरा करायचं त्राण उरलं नव्हतं. पुढे कॉलच्या जागी मेसेज आले: 'बिझी आहे, नंतर बोलू.' घरात नवऱ्याला काही जाणवलं नाही, कारण स्वयंपाक वेळेवर होत होता. जाणवलं ते हजारो मैलांवरच्या आईला. तिने जावयाला फोन करून विचारलं, "अहो, तिचं काही बिनसलंय का?" त्या एका प्रश्नाने पुढचं सगळं घडलं.

दुःख आणि नैराश्य यांत फरक आहे, आणि तो आपण मानला पाहिजे. नोकरी गेली, घरचं माणूस गेलं, तर वाईट वाटणारच. त्याला लगेच आजार म्हणायची घाई नको. डॉक्टर बघतात ते असं: दोन आठवडे किंवा अधिक काळ, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा भाग मन खिन्न आहे का, किंवा पूर्वी ज्यात रस होता त्यात रस उरलेला नाही का, आणि त्यासोबत झोप, भूक, थकवा, एकाग्रता, स्वतःला सतत दोष देणं यांतलं काय काय आहे. त्यासाठी पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरतात. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. दहा किंवा त्याहून जास्त झाले की डॉक्टर गंभीरपणे घेतात. प्रश्न साधे आहेत, पाच मिनिटांत होतात. ज्यांना समोरासमोर बोलता येत नाही त्यांना कागदावर खूण करणं जमतं, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

परदेशातल्या आपल्या लोकांच्या दुःखाला एक जादा पदर आहे. १९ मार्च २०२०ला कोविडमुळे न्यूझीलंडच्या सीमा बंद झाल्या आणि त्या टप्प्याटप्प्याने पूर्ण उघडायला २०२२चा जुलै उजाडला. त्या काळात ज्यांचे आईवडील गेले त्यांनी अंत्यसंस्कार फोनच्या पडद्यावर पाहिले आणि दुसऱ्या दिवशी शिफ्टला गेले. दहावं-तेरावं नाही, घरात येऊन बसणारी माणसं नाहीत, जुन्या आठवणी काढणारं कुणी नाही. ते दुःख अजून तसंच आत असलेली माणसं आपल्यात आहेत. जून-जुलैत पाच-सव्वापाचलाच अंधार पडतो, विरीतल्या गोदामात किंवा विमानतळावर रात्रपाळी असेल तर ऊन अंगावर पडतच नाही, आणि अशा वेळी ते वर येतं. नातवंडं सांभाळायला आलेल्या आजी-आजोबांचंही तसंच. पापाटोएटोतल्या घरात सकाळी आठला सगळे बाहेर पडले की संध्याकाळपर्यंत मराठी बोलायला भिंती. गाडी चालवता येत नाही, आणि मुलांना त्रास नको म्हणून कुणी तोंडातून काढत नाही. त्यांचं गप्प होणं आपण 'वय झालं' म्हणून सोडून देतो. ते सोडू नये.

आता बोलायचं कसं. 'तुला काय कमी आहे?' हे म्हणू नका. या प्रश्नाचं उत्तर ती स्वतःला रोज देते आहे आणि त्यातूनच तिची अपराधी भावना वाढते आहे. 'मन रमव', 'जरा पॉझिटिव्ह राहा', 'नामस्मरण कर' हेही नको. नामस्मरणाने बळ मिळतं असं ज्यांना वाटतं त्यांनी ते जरूर करावं, उपचाराच्या जागी नव्हे. 'काही लागलं तर सांग' यातही भार तिच्याच डोक्यावर पडतो. त्यापेक्षा म्हणा: "गेले काही दिवस तू गप्प गप्प आहेस असं मला दिसतंय. शुक्रवारी दोन वाजता मी येते, आपण दोघी डॉक्टरकडे जाऊ. अपॉइंटमेंट मी घेतली आहे." वार आणि वेळ ठरवून टाका. ती नको म्हणाली तर भांडू नका, पुढच्या आठवड्यात परत विचारा.

आणि एक प्रश्न विचारायला घाबरू नका: "जगणं नकोसं वाटतं का? जीव द्यायचा विचार मनात येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जातो ही समजूत चुकीची आहे. उलट इतके दिवस एकट्याने वाहिलेली गोष्ट कुणीतरी उघडपणे विचारली याने माणसाला हायसं वाटतं. उत्तर 'हो' आलं तर तिथून हलू नका, एकटं सोडू नका, घरातल्या औषधांचा साठा बाजूला करा. धोका लगेचचा वाटला तर १११ लावा किंवा थेट मिडलमोर हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत घेऊन जा. आपल्याला काय करावं कळत नसेल तर १७३७ हा नंबर आहे, फोन करा किंवा मेसेज पाठवा, दिवसरात्र, फुकट. समोर प्रशिक्षित समुपदेशक असतो. हा नंबर काळजी करणाऱ्यानेही वापरायचा असतो, हे फार थोड्यांना माहीत आहे.

डॉक्टरकडे गेल्यावर थायरॉइड, बी-१२, लोह तपासून घ्या. शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं सर्रास आढळतं, आणि थायरॉइड मंदावल्याने येणारा थकवा हुबेहूब नैराश्यासारखा दिसतो. अनेक दवाखान्यांमध्ये आता हेल्थ इम्प्रूव्हमेंट प्रॅक्टिशनर, म्हणजे मनाच्या तक्रारींसाठी मदत करणारे प्रशिक्षित लोक, असतात. २०१९च्या अर्थसंकल्पात मानसिक आरोग्यासाठी जो मोठा निधी ठेवला गेला, त्यातून ही सोय दवाखान्यांत पसरली. त्यांना भेटायला वेगळे पैसे पडत नाहीत आणि पुष्कळदा त्याच दिवशी भेटता येतं. रिसेप्शनवर विचारा, आपण विचारत नाही म्हणून ते राहून जातं. इंग्रजीत मनातलं सांगता येत नसेल तर दुभाषा मागा. १९९६पासून लागू असलेल्या रुग्णहक्क संहितेत गरज असेल आणि शक्य असेल तिथे दुभाष्याचा हक्क आहे, आपलं माणूस सोबत ठेवायचाही हक्क आहे. मात्र मुलाला किंवा नवऱ्याला दुभाषा करू नका. त्यांच्यादेखत अर्धं सांगायचं राहूनच जातं.

एशियन फॅमिली सर्व्हिसेस ही संस्था इथे आशियाई कुटुंबांसाठी काम करते. त्यांच्या हेल्पलाइनच्या भाषांमध्ये हिंदी-गुजरातीसोबत मराठीही आहे. नंबर ०८०० ८६२ ३४२, सोमवार ते शुक्रवार. मराठी समुपदेशक मागा. त्या क्षणी कुणी मोकळं नसेल तर परत फोन कधी येईल ते विचारून ठेवा. घरात मारहाण किंवा धाक असेल तर नैराश्याचं मूळ तिथे असू शकतं. अशा वेळी १९९५पासून ऑकलंडमध्ये आपल्यासारख्या समाजांतल्या स्त्रियांसाठी काम करणाऱ्या शक्ती संस्थेकडे जायला संकोच करू नका.

पहिल्या भेटीत काय होतं याची धास्ती असते, म्हणून ते जरा सविस्तर सांगते. कोच वगैरे नसतो. दोन खुर्च्या, टिश्यूचा डबा, पाण्याचा पेला. पहिली दहा मिनिटं गोपनीयतेबद्दल: तुम्ही बोलाल ते तुमच्या परवानगीशिवाय बाहेर जाणार नाही, कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा कायद्याने भाग पाडलं, तरच अपवाद. मग 'काय झालं?' असं विचारून मी गप्प बसते. काहीजण पाऊण तास रडतात, तेवढंच होतं, आणि ती भेट वाया गेलेली नसते. एक गृहस्थ पूर्ण वेळ पत्नीच्या मधुमेहाबद्दल बोलले आणि उठता उठता म्हणाले, "मला झोप येत नाही हो." पुढच्या भेटीची सुरुवात तिथून झाली. समुपदेशक सल्ले देत नाही. तुमच्या मनात आपोआप उमटणारी वाक्यं तो तुमच्यासोबत तपासतो. 'मी घरच्यांना ओझं आहे' याला पुरावा काय, आणि याच्या उलट जाणारं काय काय घडलं? अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती याच अंगाने जाते. ती कि. मो. फडके यांनी भारतात रुजवली आणि मराठीतही नेली. ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णींनी उभी केलेली आयपीएच ही संस्था तेव्हापासून मनाच्या आरोग्याबद्दल मराठीत बोलते आहे. या विषयावर आपल्या भाषेत उत्तम बोलता येतं, हे मी अभिमानाने सांगते. एका समुपदेशकाशी जमलं नाही तर दुसरा मागा. त्यात कुणाचा अपमान नाही.

औषधांबद्दल थोडक्यात. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांची नशा चढत नाही, व्यसन लागत नाही. परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि लोक नेमके तिसऱ्या आठवड्यात सोडून देतात. बरं वाटू लागल्यावरही काही महिने घ्याव्या लागतात. बंद करताना डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू.

व्हिसाची भीती मला प्रत्येक दुसऱ्या तरुणाकडून ऐकू येते. समुपदेशक इमिग्रेशनला किंवा कंपनीला परस्पर कळवत नाही. अर्जात आरोग्याबद्दल प्रश्न आला तर त्याचं खरं उत्तर द्यायचंच, पण त्या भीतीने उपचार लांबवले तर आजार बळावतो आणि नोकरीच धोक्यात येते. पुरुष असल्याने कुणाला लाज वाटत असेल, तर जॉन कर्वन यांचं नाव घ्या. १९८७चा पहिला रग्बी विश्वचषक जिंकणाऱ्या ऑल ब्लॅक्स संघातला हा खेळाडू. त्यांनी टीव्हीवर येऊन आपल्या नैराश्याबद्दल सांगितलं, आणि या देशातल्या कितीतरी पुरुषांनी त्यानंतर तोंड उघडलं.

सोबत कशी द्यायची हे मला कुणी विचारलं तर मी 'कासव' पाहायला सांगते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा हा चित्रपट. २०१७ साली त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. निर्माते डॉ. मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ. त्यातली जानकी स्वतः नैराश्यातून सावरत असते. जीव द्यायला निघालेला एक तरुण तिला भेटतो आणि ती त्याला कोकणातल्या आपल्या घरी ठेवून घेते. तो चिडतो, तिरसट बोलतो, जेवण नाकारतो. जानकी त्याचं नावगाव खोदून विचारत नाही, आभाराची अपेक्षा करत नाही. घर चालू राहतं, ताट वाढलेलं असतं, समुद्रावर जायचं तर ये, नाही तर नको. समोरच्याने आपल्याशी गोड वागलंच पाहिजे ही अट ती काढून टाकते. मला हेच सर्वांत अवघड वाटतं, कारण नैराश्यातला माणूस प्रेमळ नसतो. तो तुमचे फोन उचलत नाही आणि तुम्ही दुखावता. दुखावलात तरी पुढच्या आठवड्यात परत फोन करा. आणि हे एकट्याने वाहू नका. तिघा-चौघांनी वार वाटून घ्या. सोबत करणाराही थकतो, त्यालाही समुपदेशन मिळतं.

शेवटी चिठ्ठीवर आलेला प्रश्न: भारतात एकटे असलेले वडील नैराश्यात आहेत असं वाटत असेल तर? तिथे ऑक्टोबर २०२२पासून टेली-मानस ही सरकारी सेवा आहे, नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीतही. तो तिथल्या कुणीतरी लावून द्यायला हवा. म्हणून आजच तिथला एक माणूस ठरवा. भाऊ असेल, शेजारचे जोशीकाका असतील, जुना वर्गमित्र असेल. त्याला हा नंबर पाठवा, आणि वडिलांकडे जाऊन समोर बसून फोन लावून दे, असं स्पष्ट सांगा. वडिलांच्या नेहमीच्या डॉक्टरांचा नंबरही त्याच्याकडे असू द्या.