उसनवारी
(अध्यक्षीय भाषण)

हँगरमध्ये हात काळे केलेल्या मित्रांनो,

वर्षभराचा आढावा मी घ्यावा, अशी संयोजकांची इच्छा होती. तो छापून तुमच्या पिशवीत ठेवलाय, परतीच्या गाडीत वाचा. मला एकच गोष्ट बोलायची आहे : उसनवारी, म्हणजे एका हेलिकॉप्टरचा भाग काढून दुसऱ्याला बसवणं.

सकाळच्या चर्चेत भांडण चांगलं रंगलं. सुटे भाग देशी हवेत की परदेशी? एका बाजूने 1998 ची आठवण निघाली. सी किंग हेलिकॉप्टर बांधलं ब्रिटनने, पण मूळ रचना अमेरिकी. पोखरणच्या चाचण्यांनंतर निर्बंध आले आणि भागांअभावी नौदलाची सी किंग जमिनीला खिळली. दुसरी बाजू म्हणाली, जानेवारी 2025 मध्ये पोरबंदरच्या अपघातानंतर ध्रुव हेलिकॉप्टरांचा ताफा थांबला, तो तर आपलाच होता! दोघंही खरं बोलले. पण शेजारचं हेलिकॉप्टर उघडून भाग काढताना आम्ही त्यावरचा देश कधी वाचला नाही.

ऐंशीच्या दशकातला एक पावसाळा. आमच्या फळ्यावर दोन चेतक हेलिकॉप्टरं ‘तयार’ होती. विंच मात्र दोहोंत एकच धड. रात्री निरोप आला, मच्छीमार बोट फुटली आहे. विंच होता तो नेमका चुकीच्या चेतकवर, कारण दुसऱ्याचं इंजिन बरं होतं. टॉर्च दातात धरून आम्ही तो काढला, दुसऱ्यावर चढवला, तपासला. पहाटे उड्डाण झालं आणि सगळे खलाशी जिवंत आले. शाबासकी मिळाली, चहा-भजी झाली.

मित्रांनो, ती सुटका यशस्वी झाली हेच आमचं दुर्दैव! एक जरी माणूस गेला असता तर चौकशी बसली असती, दुसरा विंच आला असता. आता ‘जमतं की!’ असा शेरा पडला आणि जुगाडाची पद्धत झाली.

उसना भाग फुकट नसतो. तो दोनदा काढावा लागतो, दोनदा बसवावा लागतो. दर खेपेला नवं सील, नवी लॉकवायर, पुन्हा तपासणी. शेजारची धडधाकट नळी उगाच हलते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, भागाची मागणी भांडाराकडे जातच नाही. मग वरचे म्हणतात, या भागाला खप नाही, कशाला मागवायचा? इथल्या तरुण मित्रांनी संगणक भागांची गरज आधीच सांगेल, असा निबंध वाचला. सांगेल बापडा! पण तो वाचणार आमच्याच वह्या, आणि त्या वह्यांत त्या रात्रीची नोंद नाही.

म्हणून संघटनेने उसनवारीची वेगळी नोंदवही सुरू करावी, असं मी सुचवतो. रकाने कोणते, ती कोणाला दाखवायची, ते कार्यकारिणी ठरवील. मी फक्त पहिलं पान भरून देईन.

त्या पानावर विंच उसना देणाऱ्या चेतकचं नाव असेल. विंच काढला त्या जागेतून पाणी शिरू नये म्हणून मी ताडपत्री बांधली होती, दोनच दिवसांसाठी. पावसाळा सरला, माझी बदली झाली. निघायच्या दिवशी जाऊन पाहिलं, तर गाठ माझीच होती.