रुग्णवाहिका ही अग्निशामक बंबासारखीच सार्वजनिक सेवा हवी
(मल्लेश्वरम, बेंगळुरू येथील नागरिकांच्या सभेत केलेले भाषण)



घराला आग लागली तर बंब बोलावताना आपण भाडे विचारीत नाही. परंतु त्याच घरात कोणाच्या छातीत कळ आली, तर पहिला प्रश्न उभा राहतो तो पैशाचा. मालमत्तेचे रक्षण सार्वजनिक आणि जिवाचे रक्षण खाजगी, ही कोणती रीत?

१८९८ साली बेंगळुरात प्लेग शिरला. दाट पेठांतील माणसांना मोकळी हवा मिळावी म्हणून मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या वसाहतींना वेग आला. आरोग्य हे शहराच्या कारभाराचे काम आहे, ही गोष्ट या वस्तीच्या पायातच आहे.

कर्नाटकात १ नोव्हेंबर २००८ रोजी १०८ क्रमांकाची विनामूल्य सेवा सुरू झाली. तिने असंख्य गरिबांना आधार दिला, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु तिचा भर रुग्णाला पहिल्या रुग्णालयात पोचविण्यावर आहे. के. सी. जनरल रुग्णालय आपल्या जवळ आहे. पण मेंदूला गंभीर इजा झालेल्याला होसूर रस्त्यावरील निम्हान्सला न्यायचे, तर सारे शहर ओलांडावे लागते. अशा पुढच्या प्रवासात आणि घरी परतताना गरीब कुटुंब खाजगी गाडीवाल्याच्या हाती सापडते.

मग महापालिकेपुढे मार्ग कोणते?

पहिला, दरबंदी. कोविडच्या काळात, सप्टेंबर २०२० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना रुग्णवाहिकांचे वाजवी दर ठरविण्यास सांगितले. दरपत्रक हवेच, परंतु ज्याच्या खिशात काहीच नाही, त्याला वाजवी दरही परवडत नाही.

दुसरा, कंत्राट. येथे कंत्राटदाराचा नफा निघतो तो चालकाच्या वेतनातून आणि गाडीच्या देखभालीतून. १०८ च्या कामगारांनाही थकलेल्या पगारासाठी वारंवार आंदोलने करावी लागली, हे विसरता कामा नये.

तिसरा, महापालिकेच्या स्वतःच्या गाड्या. खर्चाचा आक्षेप येईल, म्हणून हिशेबच मांडू. गाडीची खरेदी एकदाची. कायमचा खर्च माणसांचा. एक गाडी रात्रंदिवस सज्ज ठेवायची, तर तीन पाळ्या, साप्ताहिक सुट्ट्या व रजा धरून चालक आणि प्रशिक्षित परिचारक मिळून आठ माणसे लागतात. शेजारच्या चार-पाच प्रभागांनी मिळून हा भार उचलला, तर तो डोंगराएवढा राहत नाही. प्रत्येक गाडीत अतिदक्षता विभाग नको. बहुतेक रुग्णांना प्राणवायू आणि जाणता माणूस पुरतो. हाक मात्र १०८ वरच जावी. संकटात दुसरा क्रमांक कोण शोधणार?

पश्चिम बंगालमध्ये १९९२ साली रेल्वेतून पडलेल्या हकीम शेख या शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठविले. तेव्हा तेथे डाव्या आघाडीचे सरकार होते, हे लपविण्याचे कारण नाही. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: तातडीचा उपचार हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि पैशाची टंचाई ही सरकारची सबब होऊ शकत नाही. रुग्णवाहिकांची व्यवस्थाही त्या आदेशात होती.

सप्टेंबर २०२० मध्ये येथील निर्वाचित सभागृहाची मुदत संपली आणि वर्षानुवर्षे निवडणूक झाली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये एका महापालिकेच्या जागी पाच आल्या. पाट्या बदलल्या, सेवा बदलली का? महापालिकेसाठी जो कोणी मत मागावयास येईल, त्याला एवढेच विचारा: रात्री दोन वाजता आमच्या गल्लीत गाडी कोणाची येईल, आणि तिचे भाडे कोण देईल? याचे स्पष्ट उत्तर मिळेपर्यंत ही मागणी सोडू नका.