चिखलातील मोटारसायकल : पावसाळ्यातील साफसफाई व निगा

(खरीप शेतकरी मेळाव्यात कृषिविद्या विभागाच्या व्याख्यात्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझा विषय कृषिविद्या. त्यामुळे पेरणीचे अंतर, आंतरमशागत किंवा तण नियंत्रण यांवर मी बोलेन, अशी आपली अपेक्षा असणार. तणांकडे मी शेवटी येणारच आहे. पण आज सुरुवात मंडपाबाहेर उभ्या असलेल्या मोटारसायकलींपासून करतो. सकाळी मी त्या रांगेतून चालत आलो. बऱ्याच गाड्यांच्या मडगार्डखाली, ब्रेकच्या दांडीवर आणि साइड स्टँडच्या सांध्यात वाळलेला चिखल विटेसारखा घट्ट बसलेला दिसला. काही गाड्यांचा मागचा लाल दिवा तर चिखलाखाली दिसतच नव्हता.

दिवसभर वखर चालवल्यावर त्याची पास पुसून ठेवणारा, बैलाच्या खुरात अडकलेला खडा काढल्याशिवाय घरी न जाणारा शेतकरी आपल्यातलाच आहे. आज खताची गोणी, फवारणीचा पंप, दुधाच्या किटल्या आणि शाळेला जाणारी मुले ही सगळी ओझी मोटारसायकल वाहते. मग तिलाच आपण चिखलासह रात्रभर का उभी करतो? हा प्रश्न मी प्रथम स्वतःला विचारला, तोही एका चुकीनंतर.

एका ऑगस्टमध्ये मी आठ-दहा दिवस रोज प्रात्यक्षिक प्लॉटवर जात होतो. रस्ता काळ्या मातीचा, मध्ये एक ओढा. रोज उशिरा परतायचो आणि गाडी तशीच लावायचो. मागचा ब्रेक थोडा जड लागत होता. 'रविवारी बघू' असे म्हणत राहिलो. एका संध्याकाळी ओढा ओलांडून चढ चढलो आणि पलीकडच्या उताराला लागलो. समोर डोक्यावर गवताचा भारा घेतलेल्या एक मावशी चालल्या होत्या. मी ब्रेकवर पाय दिला, पण गाडी थांबेना. मी गाडी बांधाच्या कडेला घातली आणि पडलो. मावशींना काही झाले नाही. भारा खाली ठेवून उलट त्यांनीच मला उठवले. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने मागचे चाक उघडले. ब्रेकच्या लायनरवर बारीक गाळाचा थर बसून तो काचेसारखा गुळगुळीत झाला होता आणि ब्रेक फिरवणारी कळ गंजून जाम झाली होती. दोष गाडीचा नव्हता, रस्त्याचाही नव्हता. रोजच्या पंधरा मिनिटांचा कंटाळा मी केला होता.

काळी माती एवढी का चिकटते?

आपल्या भारी काळ्या जमिनीत चिकणमातीचे प्रमाण बरेच असते. तिच्यातील कणांचे थर पाणी शोषून फुगतात आणि वाळताना आकसतात. उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडतात त्या याच गुणामुळे. ओली असताना ही माती रबराला आणि लोखंडाला घट्ट चिकटते. वाळली की आकसून कडक होते आणि सांध्यातली हालचालच बंद करते. शिवाय ती ओल धरून ठेवते. वरून वाळलेल्या थराखालचे लोखंड कित्येक दिवस ओलेच राहते आणि आतून गंजते. त्या मातीत खताचे कण मिसळले तर गंज आणखी लवकर चढतो. म्हणून ज्या दिवशी गाडीवरून खत आणले, त्या दिवशी ती धुणे अधिक गरजेचे आहे.

कोकणातील जांभ्या जमिनीचा चिखल एवढा चिकट नसतो. पण त्यातील खरखरीत कण चेन आणि ब्रेक घासून काढतात. किनाऱ्यालगत खाऱ्या हवेमुळे गंजही लवकर लागतो. तात्पर्य, जमीन कोणतीही असो, चिखल गाडीवर वाळू देऊ नये.

शेतातून निघताना

चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये चिखल भरला की चाक फिरेनासे होते. अशा वेळी बरेच जण जोराने रेस देतात. त्यामुळे चाक फिरत नाही, पण क्लच प्लेट मात्र जळतात. गाडी थांबवावी, इंजिन बंद करावे आणि बांबूच्या कामटीने किंवा काठीने चिखल काढावा. यासाठी हातभर लांबीची एक कामटी गाडीला कायम बांधून ठेवावी. वाट फारच खराब असेल तर गाडी पक्क्या रस्त्यावर लावून पुढे पायी जावे. पुढचे मडगार्ड काढून टाकण्याचा उपाय काही जण करतात. तो योग्य नाही. मडगार्ड काढले की चिखल इंजिनवर, दिव्यावर आणि चालवणाऱ्याच्या डोळ्यांत उडतो.

धुण्याची पद्धत

गाडी घरी आली की लगेच थंड पाणी ओतू नये. तापलेले इंजिन आणि सायलेन्सर थोडे निवू द्यावेत. सायलेन्सरच्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी बांधावी आणि ती काढायची आठवण ठेवावी. साहित्य घरातलेच लागते : दोन बादल्या पाणी, चमचाभर धुण्याची पावडर, कामटी, काथ्या, दातांचा जुना ब्रश आणि दोन फडकी.

१) मडगार्डखालचा, चाकाच्या तुंब्याजवळचा आणि इंजिनखालचा जाड चिखल कामटीने काढावा. लोखंडी खुरपे किंवा स्क्रू-ड्रायव्हर वापरू नये. रंग निघतो आणि तिथूनच गंज सुरू होतो.

२) राहिलेल्या चिखलावर पाणी शिंपडून तो दहा-पंधरा मिनिटे भिजू द्यावा. वाळलेला चिखल फडक्याने घासला तर त्यातील कणांनी टाकीवर ओरखडे पडतात.

३) मग वरून खाली हलक्या धारेने धुवावे. इंजिनच्या पंख्यांमधील माती ब्रशने काढावी. आपल्याकडील बहुतेक लहान गाड्यांची इंजिने वाऱ्यानेच थंड होतात. पंखे मातीने भरले तर इंजिन तापते.

४) पुढच्या शॉकअपच्या चकचकीत नळ्या ओल्या फडक्याने पुसाव्यात. तिथे वाळलेला चिखल राहिला तर तो वर-खाली होताना ऑईल सील कापतो आणि तेल गळू लागते.

५) पुढचा-मागचा दिवा, इंडिकेटर आणि नंबर प्लेट स्वच्छ करावी. अंधारात मागून येणाऱ्या ट्रकला आपण दिसतो ते त्या लाल दिव्यामुळेच.

६) साइड स्टँडच्या सांध्यातील माती काढून त्यावर तेलाचे दोन थेंब सोडावेत. चिखलाने अडकलेला स्टँड पूर्ण वर जात नाही आणि डावीकडे वळताना जमिनीला टेकून गाडी पाडतो.

बरेच जण वॉशिंग सेंटरवर किंवा फवारणीच्या एचटीपी पंपाच्या जोरदार धारेने गाडी धुतात. काम झटपट होते, पण ती धार चाकाच्या बेअरिंगमध्ये, हँडलच्या कप-कोनमध्ये आणि वायरींच्या जोडांमध्ये पाणी व गाळ घुसवते. एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ गाड्यांमध्ये सेन्सर आणि वायरींचे जोड पूर्वीपेक्षा जास्त आहेत. तेव्हा धार दुरून आणि हलकी ठेवावी.

चेनची निगा

चेनवर चिखल आणि तेल एकत्र आले की त्याचा सहाणेवरच्या लेपासारखा लेप होतो. तो चेन आणि दात दोन्ही झिजवतो. गाडी डबल स्टँडवर घ्यावी, न्यूट्रलमध्ये ठेवावी, इंजिन बंद करावे आणि चाक हाताने फिरवत चेन साफ करावी. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चेन पुसणे अत्यंत धोक्याचे आहे. फडके ओढले जाते आणि त्याबरोबर बोटेही जातात. हे काम मुलांवर सोपवू नये.

चेन ब्रशला रॉकेल लावून साफ करावी. रॉकेल आता सहज मिळत नाही. थोडे डिझेल चालते. पेट्रोल वापरू नये, भडक्याचा धोका असतो. नंतर चेन कोरडी पुसून ९० नंबरचे गिअर ऑईल थेंब थेंब सोडावे आणि जादा तेल पुसून घ्यावे. जळके ऑईल लावण्याची आपल्याकडे सवय आहे. पण त्यात झिजलेल्या धातूचे कण आणि काजळी असते, म्हणून ते टाळावे. चेनचा ढिलेपणा मधोमध साधारण २ ते ३ सें.मी. असावा, आपल्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत पाहावा. ज्या गाड्यांना पूर्ण चेन कव्हर असते, त्यांच्या कव्हरला एक रबरी बूच असते. ते काढून ढिलेपणा तपासता येतो.

ब्रेक

धुतल्यानंतर किंवा ओढा ओलांडल्यानंतर ड्रम ब्रेक काही काळ धरत नाहीत, कारण लायनर ओले असतात. रस्ता मोकळा पाहून गाडी हळू चालवावी आणि ब्रेक हलके दाबत राहावे. उष्णतेने लायनर वाळतात. ब्रेक नीट धरतो याची खात्री झाल्याशिवाय वेग वाढवू नये. पावसाळ्यात निदान एकदा, आणि रोज चिखलातून जाणे असेल तर दर महिन्याला, दोन्ही चाके उघडून ड्रममधील गाळ साफ करून घ्यावा. ब्रेकच्या कळीला अगदी थोडे ग्रीस लावावे. लायनरला ग्रीस किंवा तेलाचा स्पर्शही होऊ देऊ नये. डिस्क ब्रेक असेल तर चकती फक्त पाण्याने धुवावी. तिच्यावर तेल उडाले तर ब्रेक धरणार नाही.

एअर फिल्टर आणि ऑईल

स्पंजचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून, इंजिन ऑईलमध्ये बुडवून व दाबून पिळून बसवावा. कोरडा कागदी फिल्टर आतून बाहेर हवा मारून साफ करावा. काही गाड्यांत तेलकट कागदाचा फिल्टर असतो. तो साफ करायचा नसतो, ठरलेल्या मुदतीत बदलायचा असतो. ओढ्यात गाडी बंद पडली आणि पाणी वरपर्यंत गेले, तर पुन्हा पुन्हा किक मारू नये. ऑईलची पट्टी काढून पाहावी. ऑईल दुधाच्या चहासारखे दिसले तर त्यात पाणी गेले आहे. अशी गाडी चालू न करता मिस्त्रीकडे ढकलत न्यावी.

चिखल ज्या शेताचा, त्याच शेतात

आता माझ्या विषयाकडे येतो. चाकाला लागलेली माती ही नुसती माती नसते. गाजर गवताच्या एका झाडाला हजारो बारीक बिया येतात. हे तण आपल्या देशात १९५५ साली पुण्यात प्रथम आढळले आणि आज ते कोणत्या बांधावर नाही, ते सांगावे लागेल. ज्वारीवरील टारफुल्याचे बी तर धुळीसारखे बारीक असते आणि जमिनीत कित्येक वर्षे जिवंत राहते. लव्हाळ्याच्या गाठी आणि हरळीचे तुकडे ओल्या मातीबरोबर चिकटून येतात. तुरीचा मर, केळीचा मर, आले-हळदीची कंदकूज यांची बुरशी आणि डाळिंबाच्या मुळांवर गाठी करणारी सूत्रकृमी हे सर्व मातीतून पसरतात. रोगट शेतातून आलेली गाडी आपण निरोगी शेताच्या बांधावर धुतो, तेव्हा काय पेरतो याचा विचार करावा.

मला याचा पुरावा घरीच मिळाला. ज्या पावसाळ्यात मी पडलो, त्यानंतर गाडी नियमाने धुऊ लागलो. धुवायचो घराच्या मागे, मोरीच्या तोंडाशी. पुढे तिथे गाजर गवताची हिरवीगार रोपे उभी राहिली. वर्गात तण नियंत्रण शिकवणाऱ्या माणसाच्या परसात! माझ्या मुलीने ती आधी पाहिली आणि 'बाबा, हे तुम्ही लावलं का?' असे विचारले. लावले मीच होते, हे खरेच होते.

म्हणून जाड चिखल त्याच शेताच्या वाटेवर, बाहेर पडण्याआधी कामटीने काढावा. राहिलेली गाडी घरी ठरलेल्या एकाच जागी धुवावी आणि त्या जागेवर उगवणारे तण फुलावर येण्यापूर्वी हातमोजे घालून उपटावे. विहिरीजवळ, ओढ्यात किंवा जनावरांच्या हौदाशी गाडी कधीही धुऊ नये. चेनचे तेल आणि डिझेल पाण्यात मिसळते. तेच पाणी आपली गुरे पितात.

थोडक्यात

रोज : जाड चिखल काढणे, दिवे पुसणे, ब्रेक व साइड स्टँड तपासणे.

आठवड्यातून एकदा : पूर्ण धुणे, चेन साफ करून तेल देणे, टायरमधील हवा पाहणे.

महिन्यातून एकदा : ब्रेक ड्रम उघडून साफ करणे, फिल्टर पाहणे, केबलमध्ये तेल सोडणे, चाकाच्या तारा व नटबोल्ट तपासणे.

बंधू-भगिनींनो, या कामाला पैसा लागत नाही, पंधरा मिनिटे लागतात. मेळावा संपल्यावर आपण घरी जाल, तेव्हा निघण्यापूर्वी एकदा गाडीभोवती फिरून पाहा. मागचा दिवा बोटाने पुसा, स्टँड वर-खाली करून बघा आणि गाडी हळू असतानाच दोन्ही ब्रेक एकदा दाबून पाहा. उतारावर पुढे गवताचा भारा घेऊन कोण चालले असेल, हे आपल्याला निघताना माहीत नसते.